कोपराचा गूळ
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या भाषेत काही माणसं शब्द होऊन राहिली आहेत. घरातला एखादा मुलगा नऊ वाजले तरी अंथरुणातच असला की आई म्हणते, "उठ रे कुंभकर्णा." अशक्य वाटणारं काम कुणी चिकाटीनं तडीला नेलं, तर ते भगीरथ प्रयत्न. निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही, तर विधानसभा त्रिशंकू. हे बोलताना मूळची गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर असतेच असं नाही. गोष्ट मागे राहते आणि शब्द पुढे चालत राहतो.

इंग्रजीतही असंच झालं आहे. फरक इतकाच, की तिथली पुष्कळ माणसं ग्रीक पुराणातून आली आहेत. रानात एकट्यादुकट्याला अचानक घाबरवणारा पॅन नावाचा देव होता, त्याच्यापासून 'पॅनिक' आला. पाण्यातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळलेला नार्सिसस होता, म्हणून स्वतःच्या प्रेमात बुडालेल्या माणसाला आज 'नार्सिसिस्ट' म्हणतात. अशाच एका शब्दाबद्दल आज तुमच्याशी बोलणार आहे. तो शब्द आहे 'टँटलाइझ'.

तुम्ही इंग्रजी वर्तमानपत्र वाचत असाल, तर हा शब्द तुम्हाला नक्की भेटला असेल. हॉटेलच्या जाहिरातीत बिर्याणीचा वास 'टँटलायझिंग' असतो. क्रिकेटचं समालोचन ऐकणाऱ्यांना तर तो चांगलाच ओळखीचा. बिशनसिंग बेदींसारखा फिरकी गोलंदाज चेंडूला उंची द्यायचा. चेंडू हवेत असा काही रेंगाळायचा, की फलंदाजाला वाटावं, हा आपलाच. तो मोहानं पुढे यायचा, बॅट फिरवायचा आणि चेंडू मात्र त्याच्या अंदाजाच्या अलीकडेच खाली उतरलेला असायचा. अशा चेंडूला 'टँटलायझिंग' म्हणतात. इतका जवळ, की हात पुढे केल्यावाचून राहवत नाही. आणि हात पुढे केला, की तिथे नाही.

मी आयुष्यभर एका तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवलं. अकरावीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, 'टँटलाइझ'ला मराठीत काय म्हणायचं?" मी फळ्याकडे वळून पटकन सांगितलं, "मोहात पाडणे." तिनं ते वहीत लिहून घेतलं. पण माझंच समाधान झालं नाही. मोहात पाडणं वेगळं. मोहात पडलेल्याला ती वस्तू मिळूही शकते, किंबहुना मिळते म्हणूनच तो फसतो. 'चिडवणे' म्हणावं, तर ते फारच हलकं. 'छळणे' म्हणावं, तर छळ करायला चाबूकही चालतो. इथे चाबूक नाही. 'झुलवणे' त्यातल्या त्यात जवळचं, पण त्यात तहान नाही, भूक नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर आईशी हे बोलले. आई चौथीपर्यंत शिकलेली. इंग्रजीचा आणि तिचा संबंध एसटीच्या तिकिटापुरता. मी तिला त्या शब्दामागची गोष्ट सांगितली. तिनं निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवले आणि म्हणाली, "अगं, कोपराला गूळ लावतात ना, तेच की हे."

श्रोतेहो, इतका नेमका प्रतिशब्द मला कुठल्याच कोशात सापडला नसता. कोपराला गूळ लावणे! गूळ खरा आहे, गोड आहे, आपल्याच अंगावर आहे, वीतभर अंतरावर दिसतो आहे. पण आपली जीभ आपल्या कोपराला लागत नाही. खोटं वाटत असेल, तर आत्ता ऐकता ऐकता करून पाहा. कुणी पाहत नाहीये!

आता ती गोष्ट ऐका. होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यात अकराव्या सर्गात ती येते. ट्रॉयच्या युद्धानंतर घरी परतण्यासाठी समुद्रावर भटकणारा ओडिसियस मृतांच्या लोकात जातो. तिथे त्याला एक म्हातारा दिसतो. तो तळ्यात उभा आहे आणि पाणी हनुवटीपर्यंत आलं आहे. घसा तहानेनं कोरडा पडला आहे. पाणी प्यायला तो वाकला, की तळं आटतं आणि पायाखालची काळी माती दिसू लागते. डोक्यावर झाडांच्या फांद्या लवल्या आहेत. नासपती, डाळिंबं, सफरचंदं, अंजिरं, ऑलिव्ह अशी फळांची रेलचेल आहे. फळाला हात घालायला गेला, की वारा येतो आणि फांद्या ढगांपर्यंत उडवून नेतो. म्हातारा पुन्हा सरळ उभा राहतो. पाणी पुन्हा हनुवटीपर्यंत येतं. फांद्या पुन्हा खाली येतात. आणि हे कधीच संपत नाही. या म्हाताऱ्याचं नाव टँटलस.

यातली मला सगळ्यात भयंकर वाटते ती गोष्ट म्हणजे पाणी परत येतं. ते एकदाच आटलं असतं, तर टँटलस काही दिवसांनी हताश होऊन गप्प बसला असता. निराशेलाही एक प्रकारची विश्रांती असते. पण पाणी परत येतं, म्हणून आशा परत येते, आणि आशा परत आली की तो परत वाकतो. त्याची शिक्षा तहान ही नव्हे. तहान वाळवंटातही लागते. पाण्याचं जवळ असणं, हीच त्याची शिक्षा.

त्यानं असं काय केलं होतं? होमर ते सांगत नाही. नंतरच्यांनी वेगवेगळं सांगितलं. टँटलस हा झ्यूसचा मुलगा, आशिया मायनरमधल्या सिपिलस डोंगराकडचा राजा. हा भाग आज तुर्कस्तानात आहे. देवांच्या पंगतीला बसण्याचा मान त्याला होता. काहींच्या मते त्यानं देवांची गुपितं माणसांत फोडली. सगळ्यात भीषण कथा अशी, की देवांना खरोखरच सगळं कळतं का, हे पाहण्यासाठी त्यानं स्वतःच्या मुलाला, पेलॉप्सला मारलं आणि त्याचं मांस शिजवून देवांना वाढलं. बाकीच्या देवांनी ओळखलं आणि ताटाला हात लावला नाही. मुलीच्या दुःखात बुडालेल्या डीमीटर देवीनं मात्र खांद्याचा तुकडा खाल्ला. देवांनी मुलाला पुन्हा जिवंत केलं आणि गेलेल्या खांद्याच्या जागी हस्तिदंताचा खांदा बसवला. ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपनीझ या भूभागाला याच मुलाचं नाव आहे.

पिंडार नावाच्या कवीला ही कथा सहन झाली नाही. इसवी सनापूर्वी ४७६ साली ऑलिंपिकमध्ये सिराक्यूजच्या राजाचा घोडा शर्यत जिंकला, तेव्हा पिंडारनं त्याच्या गौरवासाठी एक काव्य रचलं. त्यात त्यानं सांगितलं, की देव माणसाचं मांस खातात असं मी म्हणणार नाही. त्याच्या मते टँटलसनं देवांचं अमृतान्न चोरून आपल्या सोबत्यांना दिलं, हा त्याचा गुन्हा. पिंडारनं शिक्षाही निराळी सांगितली. टँटलसच्या डोक्यावर एक प्रचंड शिळा कायमची लोंबकळत ठेवलेली आहे. ती आत्ता पडेल, मग पडेल, या धास्तीत त्याचा जन्म चालला आहे. आपण म्हणतो ना, जीव टांगणीला लागला, तसंच हे.

आता शब्दाकडे येऊ. सोळाव्या शतकाच्या अखेरीला टँटलसच्या नावाला शेपूट जोडून इंग्रजांनी 'टँटलाइझ' हे क्रियापद बनवलं. इथे एक गंमत झाली आहे. व्याकरणाची आहे, पण कंटाळू नका, कारण सगळं मर्म तिच्यात आहे. आपण कुणाला कुंभकर्ण म्हणतो, तेव्हा तो माणूस कुंभकर्णासारखं वागत असतो. पण जो 'टँटलाइझ' करतो, तो टँटलससारखा वागत नाही. तो दुसऱ्याला टँटलस बनवतो. कथेत नाव आहे ते सोसणाऱ्याचं आणि क्रिया आहे ती सोसायला लावणाऱ्याची. म्हणजे या क्रियापदाच्या कर्त्याची जागा तळ्यात नाही. त्याची जागा फांदी वर खेचणाऱ्याची आहे. हा शब्द वापरताना मनात एक प्रश्न उभा राहायला हवा : फांदी कुणाच्या हातात आहे?

आपल्या कोपराच्या गुळातही हेच आहे. कोपराला गूळ आपोआप लागत नाही. कुणीतरी तो लावतो.

आज इंग्रजीत हा शब्द पुष्कळ सौम्य झाला आहे. शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात, त्याला इलाज नाही. बिर्याणीचा वास 'टँटलायझिंग' म्हणताना कुणाला नरक आठवत नाही, आणि आठवूही नये. तरीपण विद्यार्थ्यांना मी एक खूण सांगत असे. नुसतं सुंदर, नुसतं आकर्षक, एवढ्यासाठी हा शब्द वापरू नका. ताटात वाढलेली आणि खाता येण्यासारखी बिर्याणी 'टँटलायझिंग' नव्हे. शेजारच्या घरातून वास येतो आहे आणि आपल्याला बोलावणं नाही, तेव्हा तो शब्द शोभतो. दिसणं, जवळ असणं आणि हाती न लागणं, ही तिन्ही एकत्र आली पाहिजेत.

याचं 'टँटलायझिंगली क्लोज' असंही एक रूप आहे. ७ सप्टेंबर २०१९च्या पहाटे आपल्यापैकी कित्येकांनी दूरदर्शनसमोर बसून ते अनुभवलं. चांद्रयान-२चा 'विक्रम' चंद्रापासून अवघ्या २.१ किलोमीटरवर होता आणि संपर्क तुटला. लाखो किलोमीटर पार केले आणि दोन राहिले! पण २३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३ उतरलं. चंद्रानं काही आपल्याला झुलवलं नव्हतं. चूक शोधता आली, सुधारता आली. जिथे पुढच्या प्रयत्नाला अर्थ आहे, तिथे टँटलस नाही. टँटलस तिथे, जिथे प्रयत्न फोल आहे हे कुणाला तरी आधीच ठाऊक आहे आणि तरी फांदी पुन्हा खाली सोडली जाते.

हे नाव पुढे कुठे कुठे गेलं, तेही मोठं मजेशीर आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात विलायतेतल्या श्रीमंत घरांत दिवाणखान्यात एक लाकडी घडवंची असायची. तिच्यात मद्यानं भरलेल्या दोनतीन नक्षीदार काचेच्या सुरया. त्यांच्या बुचांवरून एक आडवी पट्टी आणि पट्टीला कुलूप. मद्य सगळ्यांना दिसायचं. प्यायला मिळायचं फक्त किल्ली असेल त्याला. नोकरांनी चोरून पिऊ नये म्हणून ही योजना. या वस्तूचं नाव होतं 'टँटलस'. लंडनच्या बेटजमन कुटुंबाच्या पेढीनं १८८१ साली तिचं पेटंट घेतलं. पुढे इंग्लंडचे राजकवी झालेले जॉन बेटजमन याच घरातले. मला त्या कुलपापेक्षा काचेचं नवल वाटतं. नोकरांनी पिऊ नये एवढंच हवं होतं, तर साध्या लाकडी कपाटाला कुलूप घालता आलं असतं. पण वस्तू दिसलीही पाहिजे आणि मिळताही कामा नये. मालकीची खरी मिजास त्यातच असावी.

मग हे नाव रसायनशाळेत गेलं. १८०२ साली स्वीडनमधल्या अँडर्स एकेबर्ग या शास्त्रज्ञाला एका खनिजात नवं मूलद्रव्य सापडलं. त्याचं ऑक्साइड आम्लात बुडवून ठेवलं, तरी ते आम्ल शोषून घेत नव्हतं. सभोवार आम्ल आणि हा कोरडाच! एकेबर्गला हनुवटीपर्यंत पाण्यात उभा असलेला म्हातारा आठवला, आणि त्यानं मूलद्रव्याचं नाव ठेवलं 'टँटलम'. पुढे १८४४ साली जर्मनीत हाइनरिश रोझ यांनी दाखवलं, की अशा खनिजात टँटलमसारखंच दिसणारं आणखी एक मूलद्रव्य लपलेलं आहे. त्याला त्यांनी टँटलसच्या मुलीचं, नायोबीचं नाव दिलं : नायोबियम. नायोबी म्हणजे आपल्या लेकरांसाठी रडून रडून दगड झालेली आई. रोझ यांना वाटलं, आणखीही एक मूलद्रव्य आहे. त्याचं नाव त्यांनी मुलाच्या नावावरून 'पेलोपियम' ठेवलं. पण ते निघालं ओळखीच्या मूलद्रव्यांचंच मिश्रण. पुराणात देवांनी पेलॉप्सला परत आणलं. रसायनशास्त्रात मात्र तो टिकला नाही!

हे टँटलम आज आपल्या फार जवळ आहे. त्याच्यापासून विजेचा साठा करणारे अगदी चिमुकले कपॅसिटर बनतात. मोबाइल, संगणक, श्रवणयंत्रं, हृदयाची गती सांभाळणारे पेसमेकर अशा उपकरणांत ते वापरले जातात. शरीरातल्या द्रवांचा या धातूवर परिणाम होत नाही, म्हणून शस्त्रक्रियेतही त्याचा उपयोग होतो. आणि याच्या खनिजाचा मोठा वाटा येतो मध्य आफ्रिकेतून, विशेषतः काँगोच्या पूर्व भागातून. तिथे त्याला 'कोल्टन' म्हणतात. २००० साली त्याचे भाव कित्येक पटींनी चढले. तेव्हा काँगोत युद्ध चाललं होतं, आणि खनिजाच्या पैशावर ते पोसलं जात होतं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २००१च्या अहवालात ही लूट जगासमोर मांडली. २०१० साली अमेरिकेनं कायदा करून कंपन्यांना अशा खनिजांचा हिशेब द्यायला लावलं. तरी त्या भागातला संघर्ष संपलेला नाही. तिथले मजूर फावड्यानं आणि हातानं माती खणतात, ती पाण्यात उभे राहून धुतात आणि तळाशी राहिलेले जड काळे खडे पोत्यात भरतात. पाण्यात उभा असलेला माणूस, त्याच्या हातात टँटलम, आणि त्या टँटलमची खरी किंमत मात्र त्याच्या हाताला न लागता दूर निघून जाणारी. नाव ठेवणाऱ्या एकेबर्गच्या हे स्वप्नातही आलं नसेल.

आपल्याकडेही अशी, पाण्यात उभ्या असलेल्या माणसाची एक गोष्ट आहे. बिरबलाची खिचडी! कडाक्याच्या थंडीत रात्रभर तळ्याच्या पाण्यात उभा राहणाऱ्याला बादशहानं बक्षीस जाहीर केलं. एक गरीब माणूस पैजेला उतरला आणि दूरच्या दिव्याकडे पाहत त्यानं रात्र काढली. सकाळी बादशहा म्हणाला, तुला त्या दिव्याची ऊब मिळाली, बक्षीस रद्द. मग बिरबलानं उंचावर हंडी टांगली, खाली जाळ केला आणि खिचडी शिजायची वाट पाहत बसला. आपण ही गोष्ट हसत सांगतो. पण तिच्यात आणि टँटलसच्या गोष्टीत एक मोठा फरक आहे. टँटलसच्या गोष्टीत बिरबल नाही. फांदी खाली-वर करणाऱ्याला "महाराज, हे बरं नव्हे," असं सांगणारं तिथे कुणी नाही.

श्रोतेहो, इथवर मी शिक्षिकेसारखी बोलले. आता थोडं माझ्याबद्दल सांगते. या शब्दाचा पूर्ण अर्थ मला कोशातून कळला नाही. तो कळला त्याला कारण मीच केलेली एक गोष्ट आहे.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी विभागप्रमुख होते. आमच्याकडे एक तरुण सहकारी तासिका तत्त्वावर शिकवत. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हे दोन शब्द माहीत आहेत. जितके तास, तितके पैसे. सुट्टीचे पैसे नाहीत. मानधन कधी कधी सहा-सहा महिन्यांनी. दर जूनमध्ये नव्यानं नेमणूक. ते फार चांगलं शिकवायचे. मुलं त्यांच्या तासाला मागच्या बाकावरून उठून पुढे येऊन बसायची. दर वर्षी ते विचारायचे, "मॅडम, या वर्षी जागा निघेल का?" मी म्हणायचे, "निघेल सर. निघाली की पहिलं नाव तुमचंच." पहिली काही वर्षं मला तसं खरंच वाटत होतं.

पुढे एका वर्षी प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, की विद्यार्थी कमी झाल्यामुळे तासांचा भार बसत नाही. आपल्या विषयाची जागा नजीकच्या काळात मंजूर होणार नाही. मी ते ऐकलं आणि मनात ठेवलं. जून तोंडावर होता. हे सर गेले असते, तर त्यांच्यासारखा माणूस कुठून आणायचा? त्याच आठवड्यात ते माझ्याकडे आले. दूरच्या जिल्ह्यातल्या एका शाळेत कायम नोकरीची संधी आली होती. पगार आणि पद दोन्ही कमी, पण नोकरी कायमची. "काय करू, मॅडम?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "इतकी वर्षं काढलीत सर, आणखी एक वर्ष धीर धरा. तुमचं काम होईल."

त्यांनी ती नोकरी सोडून दिली.

त्या वर्षी जागा निघाली नाही. पुढच्या वर्षीही नाही. मग मी निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनीच माझ्याबद्दल सगळ्यात चांगलं भाषण केलं. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांनीही महाविद्यालय सोडलं आणि गावी शिकवणी वर्ग सुरू केला. एकदा एसटी स्टँडवर भेटले. माझी पिशवी त्यांनी हातातून घेतली, चहा आणला, घरच्यांची चौकशी केली. गाडी लागायच्या वेळी म्हणाले, "मॅडम, एक विचारू? ती शाळेची नोकरी आली होती, तेव्हा जागा निघणार नाही हे तुम्हाला माहीत होतं का?"

मी हो म्हणाले. खोटं बोलायला जीभ रेटली नाही. ते जरा वेळ गाडीच्या पाटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतंत, तर बरं झालं असतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता, तर मला सोपं गेलं असतं.

गाडीत बसल्यावर मला आईचा कोपर आणि गूळ आठवला. इतकी वर्षं मी वर्गात टँटलसची गोष्ट सांगताना स्वतःला त्या तळ्याच्या काठावर उभी असलेली समजत होते. वाटायचं, आपण सांगणाऱ्या. फार तर सोसणाऱ्याच्या बाजूच्या. त्या दिवशी कळलं, की फांदी माझ्या हातात होती. मी त्यांना शिवी दिली नव्हती, त्यांचे पैसे बुडवले नव्हते, त्यांच्याशी कधी वाकडं बोलले नव्हते. मी फक्त दर जूनमध्ये पाणी हनुवटीपर्यंत येऊ दिलं होतं. आणि ते सगळं गोड बोलून. गुळाचा हाच तर गुण आहे.

आपल्या बोलण्यात एक शब्द फार आहे : "बघू." बघू म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. कचेरीत खेटे घालणाऱ्याला "बघू." लग्नाचा निरोप ऐकायला थांबलेल्या मुलीच्या वडिलांना "बघू, कळवतो." घरकाम करणाऱ्या बाईनं पगारवाढ मागितली की "दिवाळीनंतर बघू." खरंच ठरलेलं नसेल, तर बघू म्हणण्यात गैर काही नाही. पण आपल्या मनात उत्तर ठरलेलं असताना जेव्हा आपण बघू म्हणतो, तेव्हा समोरचा माणूस तळ्यात उभा असतो. आपल्याला वाटतं, नाही म्हणून कशाला दुखवा. खरं पाहिलं तर आपण दुखवणं टाळत नाही. त्याचं दुःख पाहणं टाळतो. नाही ऐकलेला माणूस एक दिवस कष्टी होईल, पण दुसऱ्या दिवशी तळ्यातून बाहेर पडून दुसरं पाणी शोधायला लागेल. टँटलसला ते कुणी सांगितलं नाही.

त्या मुलीचं आणि माझं एक काम राहून गेलं आहे. तिनं वहीत 'मोहात पाडणे' असा अर्थ लिहून घेतला होता. आज ती कुठे असेल ठाऊक नाही. कदाचित ऐकतही असेल. तिला सांगायचं आहे, की बाळ, तो अर्थ खोड आणि त्याच्यापुढे लिही : कोपराला गूळ लावणे. आणि कंसात आणखी एक ओळ लिहून ठेव : हे क्रियापद वापरताना कर्ता कोण आहे, ते तपासावे. कधी कधी तो आपणच असतो.